दोन्हीकडं वीतभर

जालना,
कार्तिक वद्य दशमी, शके १८६८

दादा,

दुरूनच तुझ्या पाया पडते. आम्ही दोघं इकडं खुशाल आहोत. थंडी बरीच पडून राह्यली. आबाच्या छातीला चोळायचं तेल ओवा घालून कढवा, असं वैनीला सांग. सोनूचं लग्न माघात धरलं हे ऐकून बरं वाटलं. पोरगी माझ्या मांडीवर वाढली.

तुझं पत्र पोचलं. बंडीवाल्या कचरूनं ते जिनाच्या फाटकात, कापूस निवडणाऱ्या बायांसमोर दिलं, आणि मी वाचून होईपर्यंत तिथून हलला न्हाई. माझं तोंड कसं होतं ते त्याला गावात जाऊन सांगायचं असंल. त्याला म्हणावं, होतं तसंच आहे.

तू लिहितोस की मी शंभर गड्यांमधी लॉरीच्या मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, डावं घ्या, बस" असं ओरडत होते, आणि ते ऐकून तुझी मान खाली गेली. दादा, कचरूनं कमीच सांगितलं. मी एक दिवस न्हाई, रोज ओरडते. कापसाच्या हंगामात दिवसातून दोनदा ओरडते. आवाज मायकडून आलेला आहे, तुला माहीत आहे. मळ्यातून हाक मारली तर ती नदीपल्याड ऐकू जायची, आणि तेव्हा कुणाची मान खाली जात नव्हती.

आता का ओरडते तेही सांगते, म्हणजे कचरूच्या तोंडून ऐकावं लागणार न्हाई. हे चालवतात ती जिनवाल्या झुंबरलाल सेठची लॉरी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आली. दहा चाकांची. तिचं स्टेअरिंग आपल्याकडच्या गाड्यांसारखं उजवीकडं न्हाई, डावीकडं आहे. म्हणजे चालवणाऱ्याला उजवं अंग दिसतच न्हाई. ती ठेवायची पत्र्याची शेड कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या भिंतीला लागून आहे. दोन सागवानी खांबांमधून लॉरी आत घातली की दोन्हीकडं वीतभर जागा उरते. वीतभर म्हणजे माझी वीत, तुझी न्हाई. आणि सेठचा हुकूम असा, की लॉरी उलटीच आत लावायची, तोंड फाटकाकडं करून. कापसाला ठिणगी पुरते. आग लागली तर गाडी एका दमात बाहेर निघाली पाहिजे. हुकूम बराबर आहे. मंग मागं उभं राहून कुणीतरी सांगावंच लागतं. क्लीनर ठेवले तर टिकत न्हाईत. मी त्याच जिनात कामाला आहे, मी सांगते. यात लाजायचं काय आहे?

तू आणखी लिहिलंस. लिहिलंस की कडूबाला सोडून घरी ये, न्हाईतर सोनूच्या लग्नाला येऊ नको. माय गेली त्या दिवशी हा माणूस पिऊन आल्ता, खांदा द्यायला सुद्धा आला न्हाई, असल्या माणसाचं पान आमच्या मांडवात पडणार न्हाई.

त्या दिवसाचं मी काही लिहिणार न्हाई. एवढंच सांगते, हे दारू पीत न्हाईत. कधीच पीत नव्हते. आणि यांच्या डोळ्याला काही झालं आहे असं कचरू बोलला असंल, तर ते बिलकुल खोटं आहे.

मी येणार न्हाई. तू बोलावलंस तसं एकटी येणार न्हाई. लिहायला तूच शिकवलंस, गोठ्यात राखेवर बोट धरून, म्हणून हे तुला दुसऱ्याच्या हातानं न्हाई, माझ्याच हातानं लिहून कळवून राह्यले.

गोजर, कडूबाची


जालना,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, गुरुवार

दादा,

तुझं उत्तर आलं न्हाई. येऊ दे न येऊ दे. हे पत्र कचरूच्याच बंडीनं पाठवते. त्यानं फोडून वाचलं तरी चालंल, कारण येत्या सोमवारी सगळ्या जालन्याला कळणारच आहे.

यांचा उजवा डोळा गेला आहे.

मुनीमजीनं परवा यांच्या उजव्या बाजूनं चिठ्ठी पुढं केली. यांना दिसली न्हाई. मुनीमजीनं ती तशीच धरून ठेवली, मंग हळूच यांच्या तोंडासमोर हात हलवला, आणि थेट सेठकडं गेला. सेठनं यांना बोलावून विचारलं, "कडूबा, बराबर सांग. किती दिवस झाले?" यांनी खोटं सांगितलं न्हाई. सांगितलं, "अकरा महिने."

अकरा महिने मोजून बघ, दादा. गेल्या पौषात तुमचा सांगावा आल्ता की माय आज जाती का उद्या. लॉरी रिकामीच जाफराबादला निघाल्ती. यांनी मला शेजारी बसवलं आणि गाडी हाकली ती कधी हाकली न्हाई अशी. राजूरच्या चढाला इंजिनातलं पाणी उकळलं. अशा वेळी गाडी सावलीला लावून अर्धा घंटा थांबायचं असतं, हे यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी रडत होते. मी म्हणाले, "माय थांबायची न्हाई." यांनी उपरणं गुंडाळून झाकण फिरवलं आणि उकळती वाफ तोंडावर आली.

तिथं एका बाईनं घागरीतलं गार पाणी दिलं. फडकं ओलं करून डोळ्यावर बांधलं, आणि हे एका डोळ्यानं पुढचे चार कोस आले. मायनं माझं नाव घेतलं, माझ्या हातून पाणी घेतलं, मंगच गेली. तू तिथं होतास. हे गावाबाहेर लॉरीच्या चाकाला टेकून बसले होते, उठले की झोक जायचा. लोक म्हणाले, पिऊन आला. तू म्हणालास. आबानं सगळ्यांसमोर यांना तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं.

मी तेव्हाच का बोलले न्हाई? हे म्हणाले, "गोजर, डोळ्याचं बोलू नको. ह्या रस्त्यावरची गोष्ट दोन दिवसांत जालन्याला पोचती. गाडी गेली तर माझ्यापाशी दुसरं काही न्हाई." म्हणून मी गप राह्यले. आपल्या नवऱ्याला दारुडा म्हणू दिलं. तुझ्यावर रागवायला मला जागा आहे, पण पहिला राग माझ्यावरच येतो, हे तुला खरं सांगते.

एका डोळ्यानं रस्ता दिसतो. पुढं चालवायला यांना काही अडत न्हाई, अकरा महिन्यांत कुत्रं सुद्धा चाकाखाली आलं न्हाई. अडतं ते मागं घेताना. खांब किती दूर, भिंत किती दूर, हे एका डोळ्याला कळत न्हाई. क्लीनर ठेवले की त्यांना दोन दिवसांत कळायचं, म्हणून हेच काहीतरी निमित्त करून त्यांना काढून टाकायचे. मंग मी उभी राह्यले.

सोमवारी दुपारी सेठ स्वतः अंगणात बसणार आहे. यांनी लॉरी शेडमधी उलटी लावून दाखवायची. मागं कुणी उभं राहायचं न्हाई, कुणी बोलायचं न्हाई. खांबाला नख लागलं तरी दुसरा ड्रायव्हर तयार आहे.

मी हे तुझी कीव यावी म्हणून लिहीत न्हाई. तू एका माणसाला नाव ठेवलंस ते चुकीचं होतं, एवढं तुझ्या कानावर घालायचं होतं. आता तुझं तू बघ.

गोजर


जालना,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, मंगळवार

दादा,

पाया पडते. आबाचा खोकला कमी झाला असं कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नको.

दुपारच्या भाकरीची सुट्टी आहे, सरकीच्या ढिगाला टेकून लिहून राह्यले. हात अजून दुखतात, अक्षर वाकडं येईल.

आधी एक कबूल करते. पहिल्या पत्रात मी लिहिल्तं की मी फक्त मागं उभी राहून सांगते. ते अर्धंच खरं होतं. पहिल्या महिन्यात मी सांगायची आणि लॉरी भलतीकडंच जायची. माझ्या डोक्यात आपली बंडी होती. बंडी मागं सारताना बैल डावीकडं वळवले की बंडी उजवीकडं जाती. लॉरीचं तसं न्हाई. स्टेअरिंग जिकडं, बूड तिकडं, आणि तोंड उलट्या बाजूला झुलतं. हे मला तोंडानं सांगून कळंना. तेव्हा हे मला कुंडलिका नदीच्या काठाला मोकळ्या मैदानात घेऊन गेले, चार दगड मांडले आणि म्हणाले, "बस. हाताला कळलं की तोंडाला कळंल."

तर मी बसले. पाठीशी सरकीचं पोतं लावल्याशिवाय क्लच पुरा दबत न्हाई. महिनाभर दगड उडवले, मंग उडवायचे बंद झाले. तुला हसू येईल, मला लॉरी पुढं अजून धड नेता येत न्हाई. पण मागं येती. आखाडात जिन बंद असताना तीनदा मीच शेडमधी लावली, हे खाली उभे होते. कुणाला माहीत न्हाई.

आता कालचं. अंगणात जत्रा भरल्ती. हमाल, बंडीवाले, निवडणाऱ्या बाया, सगळे. सेठ प्रेसच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला. नवा ड्रायव्हर खांद्यावर टॉवेल टाकून उभाच होता, जशी गाडी त्याचीच झाली.

हे बसले. पहिल्या वेळेला बूड तिरपं गेलं, यांनीच ओळखलं आणि पुढं घेतली. दुसऱ्या वेळेला बरीच आत गेली. मी तोंडात पदर कोंबून उभी होते, कारण माझ्या तोंडातून "डावं घ्या" निघालं असतं तर सगळंच गेलं असतं. तिसऱ्या वेळेला उजवा कोपरा खांबाला घासला. जोरात न्हाई. पण लाकडाचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सेठ म्हणाला, "उतर, कडूबा. माणूस चांगला आहेस, पण गाडी माझी आहे."

हे उतरले. मान खाली न्हाई घातली, सरळ उभे राह्यले. नवा ड्रायव्हर निघाला, तेवढ्यात माझे पाय आपोआप चालायला लागले. मी ओट्याखाली जाऊन म्हणाले, "सेठजी, अकरा महिने ही गाडी आत जाऊन राह्यली. एक दिवस तरी खांबाला लागली का?"

"न्हाई लागली."

"ती माझ्या सांगण्यावर लागली न्हाई. यांचा एक डोळा आणि माझे दोन. तुम्ही आज माझे काढून घेतले आणि मंग म्हणता यांना दिसत न्हाई."

मुनीमजी म्हणाला, "बाईच्या सांगण्यावर गाडी चालत असंल तर बाईलाच बसवा ना." लोक हसले. मी म्हणाले, "बसते."

मंग कुणी हसलं न्हाई. सेठनं माझ्याकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं. यांनी उपरण्यानं सीट पुसली आणि सरकीचं पोतं मागं लावलं, जसं काही रोजचंच आहे. मला म्हणाले, "घाई न्हाई. तोंडाकडं ध्यान ठेव, तिकडं विहीर आहे." आणि दूर जाऊन उभे राह्यले. सेठ न्हाई म्हणाला न्हाई, याला मी हो धरलं.

दादा, मी भ्याले न्हाई असं लिहिणार होते. पण भ्याले. गेर दोनदा आवाज करून बाहेर आला. तिसऱ्यांदा बसला. डावा खांब मला सरळ दिसत होता, तिकडची चिंता नव्हती. विहिरीच्या कठड्यापासून तोंड हातभर लांबून गेलं, तेही सांभाळलं. प्रश्न उजव्या खांबाचा होता. त्या बाजूला यांनी न्हाव्याचा एक लहान आरसा तारेनं बांधला आहे. त्यात खांबाचा वरचा भाग तेवढा दिसतो. खांब दिसतो, पण त्याच्यात आणि लॉरीत किती जागा आहे, ते दिसत न्हाई. रोज ती जागा मीच खाली उभी राहून बघायची. काल बघायला कोण होतं?

मी बिरेक दाबून थांबले.

तेव्हा आरशात खांबावर एक हात आला. खांबाच्या आतल्या अंगाला, जिथून लॉरीचा मागचा हौदा जाणार तिथंच, पंजा सपाट टेकवलेला. मनगटात चांदीचं कडं. बोलला न्हाई, खूण केली न्हाई. नुसता टेकवलेला.

सेठची अट मोडली न्हाईस तू. मागं कुणी उभं न्हाई आणि कुणी बोललं न्हाई.

मी तो हात बघत बिरेक सोडला. म्हणाले, हा हात तिथून हलला तर जागा न्हाई, हलला न्हाई तर आहे. हौदा त्याच्यापाशी आला. मला वाटलं आता काढशील. न्हाई काढलास. फळ्या तुझ्या बोटांजवळून सरकत गेल्या, आणि मी मनात मोजून राह्यले की चुकले तर पेरणीला, नांगराला, पत्राला, कशालाच हा हात पुन्हा येणार न्हाई. अख्खी लॉरी गेली तोवर तो तिथंच होता. मागची चाकं आतल्या लाकडी अडणीला टेकली तेव्हा मी इंजिन बंद केलं. दोन्हीकडं वीतभर.

उतरले तोवर तू नव्हतास. फाटकातून बंडी बाहेर जाताना दिसली. बंडीत कापूस नव्हता, दादा. वजनाच्या काट्यापाशी लावलीच नव्हतीस. रिकामी बंडी घेऊन इतके कोस कशाला आल्तास, ते मी विचारत न्हाई. तूही मला सांगू नको. पण मी ओळखलं न्हाई असं समजू नको, म्हणून लिहिलं.

आणि हेही लिहिते. तुझा हात नसता तरी मी लावली असती. चार वेळा पुढं-मागं केलं असतं, पण लावली असती. तुझे उपकार मी ठेवणार न्हाई. आठवण ठेवीन.

पुढं असं झालं. सेठ ओट्यावरून उतरून शेडपाशी आला, दोन्ही खांबांवर हात फिरवून बघितला आणि यांना म्हणाला, "गुरुवारी जाफराबादची खेप आहे. सकाळीच निघा." मुनीमजीनं तोंड वाकडं केलं. नवा ड्रायव्हर टॉवेल झटकून गेला. बाया माझ्याभोवती आल्या. पण मी तिथंच उभी राह्यले. सेठनं विचारलं, "आता काय?"

मी म्हणाले, "सेठजी, अकरा महिने मी चोरून उभी राह्यले. आता चोरून राहणार न्हाई. मी या गाडीवर कोण, ते चार लोकांत सांगा."

सेठनं पाठ फिरवली. मला वाटलं, हातातलं पण गेलं. मंग तो हमालांकडं वळून म्हणाला, "ऐका रे. आजपासून गोजरबाई या गाडीची क्लीनर. अंगणात गाडी लावायचं काम तिचं. कुणी मधी आलं तर मला कळवा." आणि घरात गेला. तो खुशीनं बोलला न्हाई, हे मला कळलं. बोलला, एवढं मला बस आहे.

हे घरी चुलीपाशी बसल्यावर म्हणाले, "डावीकडं जरा जास्त घेतलंस." एवढंच. पण भाकर खाताना हसत होते, आणि माय गेल्यापासून मी यांना हसताना पाह्यलं नव्हतं.

आता सोनूच्या लग्नाचं. आम्ही दोघं येणार. बोलावणं येवो न येवो. माझी वाट तू बंद करू शकत न्हाईस, ती आता दर खेपेला तुझ्या शिवारातून जाती. आबाला वाफेची गोष्ट मी सांगायची का तू, ते तू ठरव. मी सांगितली तर माझ्या आवाजात सांगीन, सगळा मांडव ऐकंल. कुणी यांना पिऊन आल्ता म्हणालं तर त्याला उत्तर द्यायचं काम तुझं आहे, माझं न्हाई. मी पुष्कळ दिवस केलं.

एकच मागते. पंगतीत यांचं पान अशा जागी मांड, की उजव्या अंगाला भिंत येईल. त्या बाजूनं कुणी वाढायला आलं तर यांना दिसत न्हाई, दचकतात, आणि परक्या घरात दचकलेलं यांना आवडत न्हाई. भिंत असली की निवांत जेवतील.

तुझी बहीण,
जाफराबादच्या खेपेची क्लीनर,
गोजरबाई